सोरायसिसवरचं छापून आलेलं संशोधन कुठं शोधायचं?

आईला सोरायसिस हा त्वचेचा आजार आहे, यूट्यूब रोज नवा उपाय सांगतं, तर खरं संशोधन कुठं वाचायला मिळेल, असं तुम्ही विचारलंय. मी लातूरचा. माझ्या कोपरांवर ११ वर्षांपासून पोपडे आहेत, त्यामुळं पोळून शिकलेलं सांगतो.

पबमेड उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही संशोधन-लेखांची ऑनलाइन सूची फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. शोध मात्र इंग्रजीतच घ्या. आजाराच्या नावाला औषधाचं मूळ नाव जोडा, म्हणजे पाकिटावर ब्रँडखाली बारीक अक्षरात असतं ते. मग ‘फ्री फुल टेक्स्ट’ (पूर्ण लेख मोफत) आणि ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ (अनेक अभ्यास एकत्र पारखणारा लेख) या खुणा करा, ढीग एकदम आटोक्यात येतो. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचं ‘इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रॉलॉजी’ही मोफत वाचता येतं. भारतात माणसांवर चालू असलेल्या उपचारांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या नोंदणीच्या संकेतस्थळावर सापडते.

शोधणं तासाभरात जमतं हो, माणूस फसतो तो वाचताना. एकदा मी संक्रांतीला कुणाच्या तरी सांगण्यावरून एक चूर्ण सुरू केलं. पाडव्यापर्यंत कोपर जवळजवळ साफ! चार पाहुण्यांनाही पुड्या दिल्या. दिवाळीनंतर, चूर्ण चालू असतानाच, सगळं परत आलं. आता कळतं, फाल्गुन-चैत्रात मी बिनबाह्यांच्या बनियनवर रानात होतो. हा आजार बऱ्याच जणांना थंडीत वाढतो आणि उन्हानं उतरतो. दवाखान्यात अतिनील किरणांचे शेक देतात ते उगाच नाही. म्हणून कुठलाही लेख उघडला की मी आधी बघतो: औषध न घेतलेला दुसरा गट होता का? माणसं किती, आठवडे किती? दुसरा गटच नसेल, तर तो लेख म्हणजे माझं चूर्णच समजा.

‘पासी ७५’ असं वारंवार दिसेल. पासी म्हणजे आजाराच्या व्याप्तीचे ० ते ७२ गुण, आणि ७५ म्हणजे ते गुण निदान ७५ टक्क्यांनी कमी झाले. बरा झाला, असं नव्हे.

वाचून परस्पर गोळ्या मात्र बदलू नका. मेथोट्रेक्सेट हे औषध या आजारात आठवड्यातून एकदाच घेतात, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. मी लेखाच्या सारांशाची प्रिंट डॉक्टरांकडे घेऊन जातो आणि ‘हे मला चालेल का?’ एवढंच विचारतो. पहिल्या वेळी डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं, मग कागद ठेवून घेतला.