घाटाच्या उतारावर न्यूट्रल केल्याने ट्रकचं डिझेल खरंच वाचतं का? सुरत–धुळे–जळगाव लाइनवर अ‍ॅव्हरेज कसं वाढवावं?

न्यूट्रल अजिबात करू नका. कोंडाईबारी असो की सेंधव्याकडचा बिजासन घाट, गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आताच्या कॉमन रेल इंजिनात (ज्यात डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो) डिझेल जवळपास बंदच होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि भरलेली गाडी ऐनवेळी थांबत नाही. जुन्या ड्रायव्हरांकडून आलेली ही सवय जीव घेते, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

सपाटीला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, मीटरवरच्या हिरव्या पट्ट्यात ठेवा, गिअर वेळेवर वर टाका. ताशी ५५-६० चा एकसारखा वेग सगळ्यात परवडतो, कारण त्यापुढे वाऱ्याचा विरोध झपाट्याने वाढतो. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला वेळेत पोहोचवायची घाई असते, मान्य आहे. तरी पळवून पुढच्या टोलनाक्यावर करकचून ब्रेक मारण्यात वेळ फारसा वाचत नाही, डिझेल नक्की जातं.

हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. मे महिन्यात जळगावच्या उन्हात दुपारी प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा काढू नका, टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. ताडपत्री फडफडू देऊ नका. ढाब्यावर किंवा मंडईत नंबर लागेपर्यंत इंजिन बंद ठेवा. उभ्या गाडीत तासाला १ ते ३ लिटर उगाच जळतं.