शाळेत न शिकवता शिक्षकांचा ट्रेनर होता येतं का?

तुम्ही विचारलंय की डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आणि एम.ए. झालंय, शाळेत शिकवायचा अनुभव नाही, तशी इच्छाही फारशी नाही, पण ग्रामीण भागातल्या प्राथमिक शिक्षकांना ट्रेनिंग देण्यात करिअर करायचंय, तर स्कोप किती आणि कुठला सर्टिफिकेट कोर्स करावा.

स्कोप आहे. कोर्सने फार काही होत नाही. आणि वर्गात शिकवायची इच्छाच नसेल तर कृपा करून या कामात येऊ नका. हे तुम्हाला लागेल, पण मी आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, मग तालुक्याला गट साधन केंद्रात साधन व्यक्ती, म्हणजे शिक्षकांना मदत आणि प्रशिक्षण देणारी, म्हणून काम केलंय, मग एका संस्थेत ट्रेनर होते, त्यामुळे ज्याने एकही वर्ग घेतलेला नाही असा माणूस शिक्षकांसमोर उभा राहिला की हॉलमध्ये काय होतं ते मला पाठ आहे. शिक्षक बोलत नाहीत काही. हजेरीपटावर सही करतात, गटकार्याचे चार्ट रंगवतात, फीडबॅक फॉर्मवर 'अतिशय उपयुक्त' लिहितात आणि सोमवारी वर्गात जाऊन पूर्वीसारखंच शिकवतात. त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. राज्याचं प्रशिक्षण जिल्ह्याला, जिल्ह्याचं तालुक्याला, तालुक्याचं केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, असं खाली येतं, आणि शेवटच्या शिक्षकापर्यंत पोचेस्तोवर त्यात स्लाइड्स तेवढ्या उरतात, मूल कुठेच नसतं.

एक प्रसंग सांगते, थोडा लांबेल.

यवतमाळ जिल्ह्यातली गोष्ट. गणिताचं प्रशिक्षण होतं, विषय तिसरी-चौथीची हातच्याची वजाबाकी. मी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन दशक कसं सोडायचं ते दाखवत होते. मागच्या रांगेत एक गुरुजी, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, हात बांधून बसलेले. मी विचारलं, गुरुजी तुमचं काय मत? ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या हॉलात सगळंच जमते. चार वर्ग एका खोलीत घेऊन दाखवा, मंग आपण बोलू." हॉल हसला. मला राग नाही आला, कारण माणूस खरं बोलत होता. त्यांची शाळा दोन शिक्षकी, दुसऱ्या सरांना बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम लागलेलं, त्यामुळे पहिली ते चौथी सगळी पोरं यांच्याच एकट्याच्या गळ्यात. शिवाय पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, व्यवस्थापन समितीच्या मीटिंगा. मी तिथेच सगळ्यांसमोर विचारलं, कधी येऊ? ते म्हणाले, "सोमवारी या." त्यांना वाटलं मी येणार नाही.

सोमवारी मी परिपाठाच्या आधी शाळेत हजर. गुरुजींनी खुर्ची दिली, मी ती त्यांनाच दिली आणि म्हटलं आज तुम्ही बसा. फळ्यावर तिसरी-चौथीसाठी एक उदाहरण टाकलं, ५० वजा ३५. पाट्या गोळा केल्या तर बहुतेकांचं उत्तर २५. शून्यातून पाच जात नाहीत ना, मग पोरं पाचातून शून्य काढतात, आणि दशकाकडे पाचातून तीन गेले दोन. ही उलटी वजाबाकी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा, सापडते. गुरुजी मागून म्हणाले, "हातचा सांगून सांगून घसा बसला मॅडम."

त्या पाट्यांमध्ये चौथीतल्या एका मुलीची पाटी होती, तिचंही उत्तर २५. तिची आई आठवडी बाजारात भाजी विकते आणि ही शेजारी बसून पैसे घेते, हे मला पोरांनीच सांगितलं होतं. मी तिला विचारलं, पस्तीस रुपयांची भाजी झाली, मी पन्नासची नोट दिली, परत किती देशील? क्षणभरही न थांबता, "पंधरा." कसे गं? "पस्तीसचे चाळीस, पाच. चाळीसचे पन्नास, दहा. झाले पंधरा." आणि समोर तिच्याच पाटीवर तेच गणित, उत्तर २५. तिला त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं, कारण तिच्या लेखी बाजारातला हिशोब वेगळा आणि पाटीवरची वजाबाकी वेगळी. गुरुजी खुर्चीतून उठले. म्हणाले, "ही पोरगी बाजारात मला एक रुपयानं कधी चुकली नाही." ते स्वतः दर आठवड्याला तिच्या आईकडून भाजी घेत होते! वर्गात तीच पोरगी त्यांच्या यादीत 'कच्ची' होती.

मग आम्ही तुराट्या आणल्या. गावात तुरीच्या काड्यांना तोटा नाही. मोठ्या पोरांनी बोटभर तुकडे केले, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापून चकत्या केल्या, त्याच रबर म्हणून. पहिलीला काम दिलं, दहा मोजा आणि गठ्ठा बांधा. दुसरीला काम, मांडलेले गठ्ठे आणि सुट्या काड्या बघून संख्या पाटीवर लिहा, तीन गठ्ठे चार सुट्या म्हणजे ३४. तिसरी गिऱ्हाईक आणि चौथी दुकानदार. पन्नास म्हणजे पाच गठ्ठे, सुटी काडी एकही नाही, आणि पस्तीस द्यायच्यात. त्या मुलीने तीन गठ्ठे उचलून दिले, मग पाच सुट्यांसाठी थांबली, उरलेल्या दोन गठ्ठ्यांकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. गुरुजी सांगायला निघाले, त्यांना मी हाताने थांबवलं. तिने एका गठ्ठ्याचा रबर काढला, पाच काड्या दिल्या, आणि तिच्यापुढे एक गठ्ठा आणि पाच काड्या राहिल्या. तिने पाटी ओढली, २५ पुसलं आणि १५ लिहिलं. मग ज्याला आपण हातचा म्हणतो तो फळ्यावर कसा मांडायचा ते मी दाखवलं, आणि तो तिने शेजारच्या पोराला लगेच समजावूनही सांगितला.

चार वर्ग, एक खोली, एकच साहित्य, प्रत्येकाला आपापल्या पातळीचं काम. बहुवर्ग अध्यापनावर मी हॉलमध्ये कितीही बोलले असते तरी गुरुजींना ते पटलं नसतं, आणि का पटावं?

त्यानंतर मी त्या शाळेत बरेचदा गेले. एखाद्या दिवशी काहीच जमायचं नाही, पहिलीचं एखादं पोर रडत बसलं की सगळा वर्ग विस्कटतो, आणि हे गुरुजींनी बघितलं तेही बरंच झालं. त्यांच्याकडून मी पण शिकले. ते म्हणाले होते खिचडी खाल्ल्यावर पोरं पेंगतात, गणित आधी घ्या, गोष्ट नंतर. किती साधी गोष्ट, पण एकाही मॉड्यूलमध्ये मी वाचलेली नाही. पुढच्या प्रशिक्षणात मी वजाबाकीचा तास त्यांनाच घ्यायला लावला. ते तुराट्यांची पिशवी घेऊनच आले. त्या दिवशी मागच्या रांगेत कुणी हात बांधून बसलं नव्हतं, लोक प्रश्न विचारत होते, भांडत होते, कारण समोर त्यांच्यातलाच माणूस होता.

आता संस्थेत काय झालं ते ऐका. आमचे प्रोजेक्ट हेड होते, पुण्याचे, हुशार, इंग्रजी उत्तम, वर्ग कधी घेतलेला नाही. रिव्ह्यू मीटिंगमध्ये त्यांनी माझा रिपोर्ट उघडला आणि म्हणाले एकाच शाळेत इतक्या व्हिजिट्स कशाला, कव्हरेज किती झालं ते सांगा. मी गुरुजींची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, मुलांना शिकवणं हे तुमचं काम नाही, तुम्ही ट्रेनर आहात, ट्रेनिंग हे वेगळं स्किल आहे, चांगला सुलभक, म्हणजे फॅसिलिटेटर, कुठलाही विषय घेऊ शकतो. त्या वर्षी माझं रेटिंग खाली गेलं आणि पुढे मी ती नोकरी सोडली. त्यांचं ते वाक्य आजही माझ्या डोक्यात आहे आणि तुमचा प्रश्न वाचून तेच आठवलं, कारण तुम्ही तेच म्हणताय, की शिकवणं वेगळं आणि ट्रेनिंग वेगळं.

नाही हो. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती, बालशिक्षणात मोठं नाव झालेलं होतं. त्यांना शहरात बसून शिबिरं घेता आली असती. त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आदिवासी पाड्यांवर गेल्या, मुलं शाळेत येत नाहीत तर अंगणात जाऊन अंगणवाडी भरवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, आणि मग बोर्डी-कोसबाडला जे लोक शिकून तयार झाले ते या कामातून तयार झाले. आधी मूल, मग शिक्षक. आपल्याकडे १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या त्या सुद्धा प्रशिक्षण शाळेच्या जवळ यावं म्हणूनच. नंतर २०१९ ला निष्ठा हे शिक्षकांचं प्रशिक्षण आलं, मग ते सरकारच्या दीक्षा ॲपवर ऑनलाइन झालं, २०२० च्या धोरणात शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आलं, २०२१ पासून निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचं अभियान. हे सगळं चांगलंय, मी विरोधात नाही, पण ५० तास कुणाचं ऐकायचं? ज्याच्या हाताला खडू लागलेला नाही त्याचं?

बरं, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

सरकारी वाट अशी की डाएटमधली अधिव्याख्यात्यांची पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात, पगार वेतनश्रेणीप्रमाणे, नोकरी पक्की, पण जाहिरातीची वाट बघत बसावं लागतं आणि अटी नीट वाचून घ्या. साधन व्यक्ती, विषयतज्ज्ञ हे समग्र शिक्षा या सरकारी योजनेत करारावर, मानधन तुमच्याइतकंच शिकलेल्या कायम शिक्षकापेक्षा बरंच कमी आणि काम दुप्पट, त्यातलं अर्धं माहिती गोळा करण्याचं. शाळांच्या केंद्राचा केंद्रप्रमुख व्हायचं तर आधी जिल्हा परिषदेत शिक्षक असावं लागतं, बाहेरून तिथे जाता येत नाही. आणि माझ्या मते ती अट अगदी योग्य आहे.

संस्थांमध्ये पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला क्वेस्ट आहे, फलटणला प्रगत शिक्षण संस्था आहे, पुण्यात सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस आहे, यांचं भाषाशिक्षणातलं काम बघाच. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी आणि हिंदी बरी असेल तर अझीम प्रेमजी फाउंडेशनचं काम छत्तीसगड, राजस्थान, उत्तराखंडात मोठं आहे. शिकायचंच असेल तर सर्टिफिकेटच्या मागे न लागता बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी शिक्षणशास्त्रात पूर्ण एम.ए. करा, वाचन तरी होईल.

पण माझा सल्ला विचाराल तर आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा द्या, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी द्या, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेत लागा. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० रुपये मिळतात, २०२३ च्या आधी तर ६,००० च मिळायचे. कमी आहेत, मला माहीत आहे, घरभाडं आणि गाडीचं पेट्रोल यातच निम्मे जातात. ते नको असेल तर आश्रमशाळेत किंवा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पात निदान दोन वर्षं रोज वर्ग घ्या. पहिलीचा वर्ग मिळाला तर सोडू नका. पोराला वाचायला येण्याच्या आधीपासून ते वाचू लागेपर्यंतचा प्रवास तुम्ही स्वतः एकदा बघितला की शिक्षकांसमोर काय बोलायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

एक मान्य करते, न शिकवलेले सगळेच वाईट ट्रेनर असतात असं नाही. भाषाविज्ञानाच्या एक बाई आमच्याकडे यायच्या, त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण मुलं 'क' आणि 'फ' मध्ये गोंधळतात ते का हे त्यांनी जितकं नीट सांगितलं तितकं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या मात्र तासन्‌तास वर्गात बसून मुलांच्या वह्या बघायच्या आणि शिक्षकाला उपदेश करायच्या नाहीत. दुसरं, तुम्ही बाई असाल तर फिरतीचा नीट विचार करा, एसटी चुकली की पुढची संध्याकाळी, काही शाळांत धड स्वच्छतागृह नाही, मुक्कामाची सोय आपली आपण बघावी लागते. टू-व्हीलर येत नसेल तर आधी ती शिका, कोर्सच्या आधी.

आणि इंटरव्ह्यूला जाल तेव्हा एवढं बघा की तुम्हाला मुलांसमोर तास घ्यायला लावतात की नुसती पीपीटी करून आणायला सांगतात. पीपीटीच मागत असतील तर तिथे जाऊ नका, पगार जास्त असला तरी.

तुमचा जिल्हा कोणता ते लिहा. यवतमाळ, वाशिम, अमरावती असेल तर जिथे आठवडाभर बसून वर्ग बघू देतील अशा शाळा मी सुचवते, मुख्याध्यापकांशी बोलायचं कामही माझं.