मूळ बिल दुकानदाराच्या हाती देऊ नका

इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंचं 3 डिसेंबरचं पत्र आलं आहे. मुलीच्या हट्टापायी त्यांनी 28 सप्टेंबरला एका पेट शॉपमधून गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू 18,000 रुपयांना घेतलं. 2 ऑक्टोबरला त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तपासणीत पार्व्हो (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) निघाला आणि 5 ऑक्टोबरला ते गेलं. उपचाराचे 11,500 रुपये वेगळे. बिलावर छापलं आहे, ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा। 24 घंटे के बाद कोई ज़िम्मेदारी नहीं।’ दुकानदार दोन महिने ‘अगली खेप में दूसरा दे देंगे’ म्हणत राहिला. आता म्हणतो, मूळ बिल आणा आणि नवं पिल्लू घेऊन जा. ताईंनी विचारलंय, घ्यावं का? त्या 24 तासांच्या अटीपुढे आपलं काही चालेल का? आणि दुकानात अशी कुत्री-मांजरं विकायची परवानगी मुळात मिळतेच कशी?

ताई, पिल्लू घेऊ नका आणि बिल देऊ नका. बाकीचं सगळं यानंतर.

अशी पत्रं मला वर्षभर येतात. प्रत्येकाचं बोट बिलावरच्या त्याच ओळीवर असतं, ‘24 घंटे’. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्या ओळीच्या वर, दुकानदाराच्याच अक्षरात, निळ्या पेनाने तीन शब्द लिहिलेत: ‘उम्र 45 दिन’. तुमचा सगळा दावा त्या तीन शब्दांवर उभा आहे. म्हणूनच त्याला मूळ बिल हवं आहे, असं मी धरून चालतो. त्याचा हेतू काहीही असो, ते बिल एकदा त्याच्या गल्ल्यात गेलं की तुमच्याकडे मोबाइलमधला फोटो उरेल आणि तो म्हणेल, हे अक्षर माझं नाही.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्याखाली केंद्र सरकारने 2017 साली कुत्र्यांच्या प्रजननाचे आणि विक्रीचे नियम केले. त्यांत स्पष्ट म्हटलंय की आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायचं नाही. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. तुमचं पिल्लू दुकानदाराच्याच हिशेबाने विक्रीच्या दिवशी 45 दिवसांचं होतं. गेलं त्या दिवशी 52. म्हणजे मरतानासुद्धा ते विकण्याच्या वयाचं झालं नव्हतं.

दुकानदार दोन गोष्टी म्हणेल. पहिली, ‘मी ब्रीडर नाही, मी फक्त दुकान चालवतो.’ या नियमांतल्या ब्रीडरच्या व्याख्येत मधला हस्तक आणि व्यापारीही येतात, त्यामुळे ही पळवाट त्याला नाही. दुसरी, ‘45 अंदाजाने लिहिलं होतं.’ इथे तुमच्या डॉक्टरांचा केसपेपर कामाला येतो. दातांवरून आणि वजनावरून त्यांनी 2 ऑक्टोबरला वय ‘सहा ते सात आठवडे’ नोंदवलंय. दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांशी न बोलता, जवळपास तेच वय लिहिलं आहे. याहून बरा पुरावा अशा प्रकरणांत मी क्वचित पाहतो. त्या डॉक्टरांकडून केसपेपरची सही-शिक्क्याची प्रत आजच घ्या.

आता 24 तासांच्या ओळीबद्दल. जी विक्री करायलाच नियमाने मनाई आहे, तिच्या बिलावर छापलेली अट विक्रेत्याला वाचवते, असं मला वाटत नाही. शिवाय पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदा. चोवीस तासांत तो दिसतच नाही. तुमचं पिल्लू चार दिवसांनी आजारी पडलं, तेव्हा विषाणू दुकानातून किंवा त्याच्याही आधीच्या ठिकाणाहून आला असण्याची शक्यता मोठी आहे. शक्यता म्हणतोय, खात्री नाही. समोरचा वकील तुमच्या अंगणाकडे, गल्लीतल्या कुत्र्यांकडे बोट दाखवणारच. शवविच्छेदन झालं असतं तर त्याला ते इतकं सोपं गेलं नसतं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून तासाभरावर आहे, आणि तुम्ही पिल्लाला त्याच संध्याकाळी घरामागे पुरलंत. दुःखात माणसाला सुचत नाही हे मला समजतं. पण विकत घेतानाही तुम्ही दुकानाचा नोंदणी क्रमांक विचारला नाहीत आणि लसीचं कार्ड उघडून पाहिलं नाहीत. त्या कार्डावर डॉक्टरांचं नाव नाही, सही नाही, लसीच्या कुपीचं लेबलही चिकटवलेलं नाही. आणि पत्रात तुम्हीच लिहिता, ‘दुसरीकडे पंचवीस हजार सांगत होते, हे स्वस्तात मिळत होतं.’ ताई, ते स्वस्त का होतं, याचं उत्तर त्या कोऱ्या कार्डात होतं. हे रागाने लिहितोय, कारण पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाचं तरी हेच पत्र येणार आहे.

वयाचा मुद्दा मी इतका लावून धरतोय तो केवळ कायद्याच्या अक्षरासाठी नव्हे. पिल्लाला सुरुवातीचे आठवडे आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती राखते. ती ओसरत जाते आणि लसीचं संरक्षण अजून पुरतं आलेलं नसतं, असा एक उघडा काळ मध्ये असतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, आणि पुढचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. नेमक्या त्या उघड्या काळात पिल्लाला आईपासून तोडायचं, दहा ठिकाणच्या पिल्लांबरोबर एका पिंजऱ्यात कोंबायचं आणि दिव्याखाली काचेत मांडायचं, हा या धंद्याचा रोजचा क्रम आहे. पिल्लू जितकं लहान तितकं गोंडस दिसतं आणि लवकर खपतं, म्हणून 45 दिवस.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि दोघांची मुदत वेगळी. लोकांची गफलत होते ती इथेच.

पैशांसाठी ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे तिथे तुम्हाला वेळ आहे. तुम्ही इंदूरला राहता, म्हणून इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावण्याची सक्तीही नाही. पिल्लाची किंमत आणि उपचाराचा खर्च मिळून 29,500, शिवाय मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. भरपाई किती देतील हे मी सांगू शकत नाही, आयोगागणिक ते बदलतं. विक्रेत्याला उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये पक्कं केलं आहे. कायदा म्हणतो, नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. तीन महिने कागदावर आहेत. तारखा पडत जातात, सदस्यांची पदं रिकामी राहतात, आणि पंधरा-वीस हजारांचा माणूस थकून घरी बसतो. तुम्ही थकू नका, एवढंच म्हणतो.

दुसरा रस्ता फौजदारी, आणि घाई आहे ती इथे. ‘त्याला शिक्षा झाली पाहिजे’ असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत. 1960 च्या कायद्याचं कलम 36 म्हणतं की गुन्हा घडल्यापासून तीन महिने उलटल्यावर खटला दाखल करता येत नाही. तीन महिने! विक्री 28 सप्टेंबरची, म्हणजे 28 डिसेंबरला हा रस्ता बंद. दुकानदाराच्या ‘अगली खेप’ने तुमचे दोन महिने खाल्ले, आणि ते परत मिळत नाहीत. त्याच्या आश्वासनांनी मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीने वाढत नाही, ठाण्यात दिलेल्या अर्जानेही वाढत नाही.

ठाण्यात गेलात तर बहुधा अदम चेक, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, कापून हातात देतील आणि कोर्टात जा म्हणतील. त्यात त्यांची चूक नाही. 1960 च्या कायद्याच्या कलम 11 मधले थोडेच गुन्हे दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येईल असे, आहेत, आणि पिंजऱ्यातल्या गर्दीने किंवा हेळसांडीने हाल होत असलेला प्राणी विकायला ठेवणं त्यांत बसत नाही. तेव्हा वेळ न घालवता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करा. नाताळची सुट्टी मध्ये येते, म्हणून 20 डिसेंबरच्या आत. मुलीने दुकानात काढलेला व्हिडिओ, ज्यात एका पिंजऱ्यात सहा पिल्लं आणि कोरडी पाण्याची वाटी दिसते, तो मूळ फोनमध्ये तसाच ठेवा. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. 2023 च्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागेल, ते वकील तयार करून देतील. व्हॉट्सॲपच्या गटात कोणी तुम्हाला न्याय संहितेचं कलम 325 लावायला सांगेल, त्याच्या मागे लागू नका. ते जनावर मारणं किंवा निकामी करणं यासाठी आहे, आणि तुमच्या प्रकरणात तसा हेतू सिद्ध करणं जवळजवळ अशक्य आहे.

शिक्षा किती, हेही ऐकून ठेवा, नंतर निराश होऊ नये म्हणून. कलम 11 खालच्या अशा पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. कित्येक दशकांपूर्वी लिहिलेले आकडे आजही तेच आहेत. 2014 मध्ये बैलांच्या झुंजी-शर्यतींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा अपुरी असल्याचं सांगून संसदेला ती वाढवायला सुचवलं होतं. इतकी वर्षं गेली आणि अठरा हजारांचं पिल्लू अशा हालात विकायला ठेवणाऱ्याला आपण अजून पन्नास रुपयांची भीती घालतो आहोत. याची मला खरंच लाज वाटते.

मग हा खटाटोप कशासाठी? 2018 च्या पेट शॉप नियमांप्रमाणे प्रत्येक दुकानाला राज्य पशु कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती पाच वर्षांसाठी असते आणि रद्दही होते. न्यायालयात दाखल झालेली तक्रार, वयाची नोंद असलेलं बिल आणि केसपेपर मंडळापुढे ठेवलेत तर त्यांना दुकानाची तपासणी टाळणं अवघड जातं. दुकानाची नोंदणी मुळात आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तराला 30 दिवस लागतात, म्हणून त्याची वाट पाहत खासगी तक्रार अडवून ठेवू नका. नोंदणी नसेल तर दुकान उघडं असलेला प्रत्येक दिवस नवं उल्लंघन आहे, असा युक्तिवाद करता येतो. त्या युक्तिवादावर तुमच्या 28 सप्टेंबरची मुदत मात्र सोडू नका. तो टिकेल की नाही, हे न्यायाधीश ठरवतील.

तुमचा तिसरा प्रश्न, परवानगी मुळात कशी? आपल्याकडे दुकानात कुत्री-मांजरं विकायला बंदी नाही, नोंदणी आणि अटी आहेत. कॅलिफोर्नियाने 2019 पासून दुकानांना फक्त निवारागृहांतली आणि सुटका केलेली कुत्री-मांजरं ठेवायची मुभा ठेवली. इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांखालची पिल्लं मधला विक्रेता विकू शकत नाही; जिथे वाढली तिथूनच, आईसोबत पाहून घ्यावी लागतात. फ्रान्सने 1 जानेवारी 2024 पासून दुकानांतली कुत्र्या-मांजरांची विक्री थांबवली. माझं मत विचाराल तर आपणही थांबवावी. दुकानातल्या पिल्लाची आई कोणी पाहिलेली नसते, आणि आई दिसत नाही तिथे वय, लस, आजार यांबद्दलचा प्रत्येक शब्द विक्रेत्याच्या तोंडचा असतो. बंदी आली तर हा धंदा मोबाइलवर पळेल, असा आक्षेप मी ऐकतो आणि त्यात तथ्य आहे. पण बंदी येईपर्यंत 56 दिवसांची अट आहेच, आणि ती पाळली गेली तर ही काचेची दुकानं निम्मी तरी ओस पडतील.

नव्या पिल्लाबद्दल शेवटचं. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, अंगणातल्या मातीत वर्षभरही. फिनेलने तो मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं, आणि मातीला तेही पुरत नाही. पुरे डोस न झालेलं पिल्लू तुमच्या घरात आणलंत तर तेही जाऊ शकतं. शिवाय पिल्लू देताना दुकानदार ‘अब कोई शिकायत नहीं’ अशा कागदावर सही घेईल आणि ग्राहक आयोगातला दावाही तिथेच संपेल. मुलीला कुत्राच हवा असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून, लसी पूर्ण झालेला मोठा कुत्रा दत्तक घ्या.

आज करायचं ते एवढंच. बिलाची दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढा आणि मूळ बिल घरातल्या कपाटात ठेवा. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा: ‘28 सप्टेंबरला तुम्ही 45 दिवसांचं पिल्लू विकलंत, ते 5 ऑक्टोबरला पार्व्होने गेलं, मला बदली पिल्लू नको, पैसे परत हवेत.’ हाच मजकूर स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पोच जपून ठेवा. सोमवारी जिल्हा न्यायालयात वकील गाठा, आणि त्यांना पिल्लाची हकीकत सांगण्याआधी 28 डिसेंबर ही तारीख सांगा.