विश्लेषकांचा रिपोर्ट दाखवला म्हणून ईआरपी घ्यायचं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: हिंगणा एमआयडीसीत पॅकेजिंगचं युनिट, साठेक माणसं, आजवर टॅली आणि एक्सेलवर निभावलं. आता ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचंय. विक्रेत्यानं गार्टनर या तंत्रज्ञान-विश्लेषक कंपनीचा, विक्रेत्यांची तुलना करणारा चौकोन दाखवला, त्यात त्यांचा ठिपका उजवीकडे एकदम वर. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात, 'येत्या तीन वर्षांत बहुतेक कारखाने क्लाउडवर जाणार,' म्हणजे आपला सर्व्हर सोडून इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर. धाकटे बंधू म्हणतात घेऊन टाकू, तुमचं मन घेत नाही. या विश्लेषक मंडळींचं किती ऐकायचं?

बुटीबोरीत बरीच वर्षं कंपनीची आयटी खरेदी सांभाळली, त्यामुळे असे चौकोन भरपूर पाहिलेत. माझं म्हणणं सांगतो: चौकोनामागच्या रिपोर्टचं थोडं ऐका, शेवटच्या स्लाइडचं अजिबात नाही.

आधी स्लाइड. फेब्रुवारी 2011 मध्ये नोकिया आणि मायक्रोसॉफ्टनं हातमिळवणी केली. दोन महिन्यांच्या आत आयडीसी या दुसऱ्या विश्लेषक कंपनीनं सांगितलं की 2015 मध्ये विंडोज फोनचा जागतिक वाटा 20.9 टक्के असेल. गार्टनरनं सांगितलं 19.5. दोघांच्याही मते तो आयफोनच्या पुढे, दुसऱ्या नंबरवर. प्रत्यक्षात 2015 उजाडलं तेव्हा तो तीन टक्क्यांच्याही खाली होता. अँड्रॉइड पहिला राहणार हे दोघांनीही बरोबर ओळखलं होतं, पण गार्टनरनं त्याला निम्म्याच्या आसपास वाटा दिला होता आणि तो गेला ऐंशीच्या वर. त्या 20.9 मधला पॉइंट नऊ मला फार आवडतो. एवढी बारीक मोजणी, आणि उत्तर सात-आठ पटींनी चुकीचं.

हे लोक बावळट नाहीत, मग असं काहून होतं? नोकियाचं गिऱ्हाईक मोठं होतं, नोकिया आता विंडोज वापरणार, म्हणजे ते गिऱ्हाईक विंडोजकडे जाईल, असा तो हिशोब. कागदावर चूक काढता येत नाही. पण सीताबर्डीच्या मोबाइल दुकानात काउंटरवर उभा राहणारा माणूस नोकियाशी लग्न लावून बसला नव्हता. मायक्रोमॅक्सचा स्वस्त अँड्रॉइड हातात आल्यावर, त्यात व्हॉट्सअॅप चालतंय म्हटल्यावर, तो निघून गेला. आजची रेघ पट्टी लावून पुढे ओढायची, ही या धंद्याची जुनी सवय. रेघ जिथे वळते तिथेच पैसा बनतो किंवा बुडतो, आणि नेमकं तेच वळण पट्टीला दिसत नाही.

सल्ल्याचंही तसंच. ऑक्टोबर 2006 मध्ये गार्टनरनं अॅपलला सुचवलं होतं की हार्डवेअरचा धंदा सोडा, मॅकचं लायसन्स डेलला द्या. तीन महिन्यांनी, जानेवारी 2007 मध्ये, अॅपलनं आयफोन दाखवला. अलीकडचं हवं असेल तर गार्टनरचंच 2022 चं भाकीत घ्या: 2026 पर्यंत जगातले 25 टक्के लोक रोज निदान एक तास मेटाव्हर्समध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी जगात, घालवतील. तुमच्या ओळखीत असं कोण आहे ते मनाशीच मोजा. फेसबुकनं नुकतंच आपलं नाव मेटा केलं होतं, हवा गरम होती, आकडा त्या हवेतून आला.

सोनेगावच्या हवामान केंद्राला आपण नागपूरकर वर्षानुवर्षं हसत आलोय. पण हवामान खातं मान्सूनचा अंदाज देताना सोबत 'पाच टक्के कमी-जास्त' असं छापतं, आणि सप्टेंबर संपला की पाऊस किती पडला ते सगळ्यांसमोर असतं. तंत्रज्ञानाच्या भाकितांना हा हिशोब चुकवावाच लागत नाही. 2011 चं भाकीत 2015 मध्ये कोण उघडून बघतो? तोवर 2019 साठीचं नवं आलेलं असतं. शिवाय व्याख्याच सैल. 'कारखाने क्लाउडवर जाणार' म्हणजे काय? उद्या तुम्ही बिलांचे फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवलेत तर तुम्हीही त्या 'बहुतेक'मध्ये धरले जाल. असं भाकीत खोटं पडतच नाही.

आता चौकोन. त्याचं नाव मॅजिक क्वाड्रंट. आडव्या बाजूला दूरदृष्टी किती, उभ्या बाजूला करून दाखवण्याची ताकद किती. दोन्हीत वरचढ ते 'लीडर'. त्यामागे खरं काम असतं: ग्राहकांशी बोलणं, विक्रेत्यांना प्रश्नावल्या, डेमो. पण आत शिरायलाच अटी असतात, बऱ्याचदा किमान उलाढालीच्या किंवा ग्राहकसंख्येच्या. त्यामुळे तुमच्या कामाला फिट बसणारी छोटी देशी कंपनी त्या कागदावर नसण्याचीच शक्यता जास्त. ती वाईट म्हणून नाही, तर तिला मोजलेलंच नाही म्हणून.

2009 मध्ये कॅलिफोर्नियाच्या झेडएल टेक्नॉलॉजीज या कंपनीनं गार्टनरवर दावा लावला: आमचा ठिपका कायम खालच्या कोपऱ्यात, त्यानं आमचा धंदा बुडतो. गार्टनरचा बचाव काय होता? हे आमचं मत आहे, वस्तुस्थितीचं विधान नव्हे. कोर्टानं तो मानला, दावा फेटाळला. रिपोर्टच्या तळटीपेतही हेच लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. म्हणजे छापणारी कंपनी ज्याला मत म्हणते, तेच तुमच्या केबिनमध्ये येईपर्यंत पुरावा झालेलं असतं.

पैसे देऊन ठिपका हलवता येतो असं मी म्हणत नाही. कंपनी ते ठाम नाकारते, आणि ते कुठे सिद्धही झालेलं नाही. पण एवढं माहीत असू द्या: विक्रेतेही त्यांचे पैसे देणारे ग्राहक असतात, आणि तुम्हाला फुकट मिळालेली पीडीएफ वाटायचे हक्क विक्रेत्यानं विकत घेतलेले असतात. ज्याचा ठिपका खाली, तो कशाला हक्क घेईल?

मग त्यात कामाचं काही नाही का? आहे ना. प्रत्येक कंपनीच्या नावाखाली आधी जमेच्या बाजू आणि मग सावधगिरीचे मुद्दे असतात. ते दुसरे मुद्दे वाचा. किंमत दरवर्षी वाढते, सपोर्ट ढिला, बदल करायला वेगळे पैसे, असं तिथे बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेलं सापडतं, कारण ते शेकडो ग्राहकांच्या आजच्या तक्रारींतून आलेलं असतं. उद्याचं सांगताना ही मंडळी घसरतात, पण आज बाजारात काय चाललंय ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. सेल्सवाले मात्र नेमकं तेच पान वगळून स्लाइड बनवतात.

एका 'लीडर' कंपनीची माणसं आमच्याकडे आली होती. मी विचारलं, मार्च एंडला रात्री साडेनऊला ई-इनव्हॉइस (जीएसटीसाठी सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) अडकलं, गाडी गेटवर उभी, तर फोन कोण उचलेल? सेल्सवाला म्हणाला, पोर्टलवर तिकीट टाका, साहेब. सोबतचा इंजिनिअर पोरगा खरं बोलून गेला: 'सर, विदर्भाला मी एकटाच आहे, आणि मी बसतो इंदूरला.' मीटिंग तिथेच संपली, चहा मात्र त्यांना चांगला पाजला.

ई-इनव्हॉइसचंच बघा. ऑक्टोबर 2020 मध्ये ते 500 कोटींवर उलाढाल असलेल्यांना लागू झालं, आणि टप्प्याटप्प्यानं मर्यादा खाली येत ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींवर आली. तुमच्या कारखान्याला क्लाउडच्या भाकितापेक्षा याचा फटका किंवा फायदा जास्त. प्रत्येक टप्प्याला त्यांचं अपडेट किती दिवसांत आलं, त्याचे पैसे वेगळे घेतले का, हे विचारा. उत्तर तारखांसकट मागा. हिंगण्यात किंवा बुटीबोरीत तुमच्याएवढ्याच कारखान्यात त्यांचं सॉफ्टवेअर वर्षभर चाललेलं असेल तर तिथे जा, पण मालकाला भेटू नका. स्टोअरमध्ये जीआरएन (आलेल्या मालाची नोंद) टाकणाऱ्या पोरासोबत अर्धा तास बसा. तो मागे एक्सेल उघडी ठेवून काम करत असेल तर समजा, सॉफ्टवेअर पुरं पडत नाही. करार सोडायचा झाला तर आपला डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये आणि किती दिवसांत परत मिळेल, आणि चौथ्या वर्षीचा दर काय, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

बंधूंना दुखवू नका, क्लाउडबद्दल त्यांचं म्हणणं चूक असेलच असं नाही. मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीचा एसी बसला की मलाही क्लाउड आठवायचा. फक्त कारण आपल्या कारखान्यातलं असू द्या.

विक्रेत्याकडून पूर्ण रिपोर्ट मागवा, नुसता चौकोन नको. दिला तर त्यांच्याबद्दलचे सावधगिरीचे मुद्दे कंपनीचं नाव गाळून इथे लिहा, त्यावर काय विचारायचं ते मी सांगतो. नाही दिला तर तेही कळवा.