वाचकांचे प्रश्न : रात्रीचे जेवण, सगळ्यांसाठी एकच

रात्रीच्या जेवणासंबंधी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि घरी पोहोचायला संध्याकाळचे साडेसात वाजतात. सासू-सासऱ्यांना मऊ आणि बेताचे तिखट लागते, यजमानांना झणझणीत आमटीशिवाय भाकरी जात नाही आणि मुले भाताशिवाय दुसरे काही मागत नाहीत. रोज तीन प्रकारचा स्वयंपाक होतो आणि ताटे मांडेपर्यंत दहा वाजतात. झटपट होणारे नवे पदार्थ सुचवावेत. (निपाणी)

उत्तर : नवे पदार्थ मी अवश्य सुचवीन, परंतु आपली ओढाताण तीन वेगवेगळे स्वयंपाक करण्याने होते आहे आणि नव्या पदार्थांनी त्यात चौथ्याची भर पडेल, असे मला वाटते. रात्री भांडे एकच चढवावे आणि ज्याच्या त्याच्या चवीचा प्रश्न फोडणीवर व ताटात डाव्या बाजूला वाढायच्या जिन्नसांवर सोपवावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या भागातल्या जुन्या स्वयंपाकात ही सोय पूर्वीपासून आहे.

आमटीचेच उदाहरण घेऊ. एक वाटी तूरडाळ हळद घालून मऊ शिजवावी, घोटावी, चार वाट्या गरम पाणी, मीठ, दोन आमसुले आणि लिंबाएवढा गूळ घालून उकळावी. वरून तूप, जिरे, हिंग आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी द्यावी. सासू-सासऱ्यांची आणि मुलांची आमटी येथेच बाजूला काढून ठेवावी. मग लहान कढईत तेल तापवून त्यात बारीक चिरलेला कांदा तांबूस परतावा, घरचे कांदा-लसूण तिखट दीड चमचा घालावे, ते करपायच्या आत उरलेली आमटी ओतावी आणि पाच मिनिटे खळखळू द्यावी. डाळ एकदाच शिजली, भांडी दोनच लागली आणि यजमानांनाही तर्री मिळाली. तिखट घरीच करत असाल, तर ब्याडगी आणि संकेश्वरी या दोन्ही मिरच्या घ्याव्यात. ब्याडगीने लाल रंग येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो, संकेश्वरीने झणका येतो. घरात वृद्ध आणि मुले असतील, तर ब्याडगीचे प्रमाण वाढवावे.

दुसरा आधार कोरड्या चटण्यांचा. शेंगदाणा, जवस आणि कारळे यांच्या चटण्या डब्यांत भरलेल्या असतील, तर भाकरी, आमटी, चटणी, दही आणि एखादा कांदा किंवा मुळा एवढ्यावर रात्रीचे पूर्ण जेवण होते. त्याला कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. शेंगदाण्याच्या चटणीसाठी दोन वाट्या दाणे मंद आचेवर खमंग भाजून सोलावेत, त्यांत पंधराएक लसूण पाकळ्या, एक चमचा जिरे, दोन चमचे तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटावे. कुटल्याने दाण्यांना तेल सुटते आणि चटणीला ओलसर गोळीदारपणा येतो. मिक्सर वापरायचा असेल, तर तो थांबत थांबत फिरवावा; सलग फिरवल्यास पीठ होते किंवा लगदा होतो.

तिसरी गोष्ट चकोल्यांची, आणि आपल्या घरासाठी मला हाच पदार्थ सर्वांत योग्य वाटतो, कारण तो वृद्धांना चावायला सोपा असतो, मुले आवडीने खातात आणि त्यात पोळी व आमटी दोन्ही येतात. वर सांगितल्याप्रमाणेच आमटी करावी, मात्र पाणी दीडपट ठेवावे. दोन वाट्या कणकेत मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर तेल घालून घट्ट भिजवावी, पातळ पोळी लाटून सुरीने शंकरपाळ्यांसारखे काप करावेत आणि आमटीला खळखळून उकळी असतानाच ते थोडे थोडे सोडावेत. उकळी मंदावली की काप एकमेकांना चिकटतात, म्हणून घाई करू नये. दहा-बारा मिनिटांत चकोल्या शिजतात. वाढताना वर तूप घालावे. ज्याला तिखट हवे असेल, त्याने वरून लसणीचे तिखट तेल घ्यावे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहिते. साडेसातला घरी येणारे आपण दोघे आहात. कांदा-लसूण सोलणे, डाळ लावणे आणि भाजी चिरणे ही कामे यजमानांनी करावीत, ताटे-पाणी मुलांनी घ्यावे, आणि सासूबाईंना बसल्या जागी मेथी निवडणे जमत असेल तर त्या ते आनंदाने करतील. अशा घरात पाऊण तासात जेवायला बसता येते.

प्रश्न : माझ्या शाळूच्या भाकरीला थापतानाच कडेने चिरा पडतात आणि तव्यावर टाकताना ती मोडते. आईच्या हातची भाकरी टम्म फुगत असे. पीठ मी दुकानातून बंद पाकिटातले आणते. (चिक्कोडी)

उत्तर : आपल्या हाताला दोष देण्यापूर्वी पिठाकडे पाहावे. गव्हात ग्लूटेन असते, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसते. तिच्या पिठाला जो काही चिकटपणा येतो तो गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलल्यामुळे येतो. दळून फार दिवस झालेले पीठ विरी जाते आणि मग कितीही मळले तरी त्याला धरबंध राहत नाही. पाकिटावर दळल्याची तारीख जुनी असेल, तर भाकरी फाटणारच. चिक्कोडीसारख्या गावात शाळू सहज मिळतो आणि गिरणही जवळच असते. आठ-दहा दिवस पुरेल एवढेच पीठ दळून आणावे.

पीठ विरी गेलेलेच असेल, तर उकड काढावी. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, त्यात एक वाटी पीठ घालून ढवळावे, आच बंद करून झाकण ठेवावे आणि पाच-सात मिनिटांनी हाताला सोसेल इतके गरम असतानाच परातीत काढून मळावे. ताज्या पिठाला उकडीची गरज नसते. पिठात आळे करून कडकडीत पाणी ओतावे आणि तळहाताच्या टाचेने रगडून मळावे. सगळे पीठ एकदम भिजवू नये, एका भाकरीपुरतेच घेऊन मळावे, कारण मळून ठेवलेला गोळा पुन्हा सुकतो. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला लगेच पाणी फिरवावे आणि ते सुकत आले, पण पूर्ण वाळले नाही, अशा वेळी उलटावी. पाणी वाळून गेल्यावर उलटलेल्या भाकरीला तडे जातात आणि वाफ त्यांतून निघून गेल्याने ती फुगत नाही.

थापणे अजिबातच जमत नसेल, तर उकडीच्या पिठाची भाकरी प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये हलक्या हाताने लाटावी. काही वडीलधाऱ्यांना ते पसंत पडणार नाही. तरीही रोज लाटलेली भाकरी खाणे हे भाकरी सोडून देण्यापेक्षा कितीतरी चांगले आहे.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात दोन-तीन आठवडे सलग पाऊस लागला की बाजारात जाणेही कठीण होते आणि भाजी महाग होते. रोज आमटी-भात खाऊन मुले कंटाळतात. (खानापूर तालुका)

उत्तर : खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत सह्याद्रीचा पाऊस कसा लागतो, याची कल्पना असल्यामुळे भाजीवाचून होणाऱ्या जेवणाचाच विचार येथे केला आहे. आपल्या घरी तांदूळ आहे आणि बहुधा मसूर, हुलगा व नाचणीही असेल. एवढ्यावर पुष्कळ करता येते.

अख्खा मसूर भिजवला नाही तरी शिजतो, म्हणून आयत्या वेळी तो फार उपयोगी पडतो. कांदा, आले-लसूण आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण तेलात परतून त्यात मसूर आणि गरम पाणी घालावे, शिजत आल्यावर आमसूल घालावे. आंबट आधी घातले तर कडधान्य लवकर शिजत नाही, हे मसुरापासून हुलग्यापर्यंत सर्वांना लागू आहे. ही उसळ तांदळाच्या भाकरीबरोबर वाढली की आमटी-भाताचेच जिन्नस असूनही जेवण अगदी वेगळे होते.

हुलगा भाजून दळून ठेवला असेल, तर अर्धी वाटी पिठाचे पिठले चार जणांना पुरते. पीठ आधी गार पाण्यात कालवावे, लसणाच्या फोडणीत तीन वाट्या पाणी उकळून त्यात ते ढवळत ओतावे आणि आमसूल घालून शिजवावे. पावसात गारठून आलेल्या माणसाला गरम भात, हे पिठले आणि तुपाची धार यांहून चांगले जेवण मला माहीत नाही. परसात अळू असेल तर त्याची पातळ भाजी करावी. रानातला कोवळा टाकळाही मिळेल. अळंबी मात्र घरातल्या जाणत्या माणसाने ओळखलेली असेल तरच आणावी, कारण विषारी अळंबी दिसायला सारखी असू शकते आणि शिजवल्याने तिचे विष जातेच असे नाही.

उन्हाळ्यात सांडगे आणि भरल्या मिरच्या वाळवून ठेवण्याचे काम पुढच्या वर्षी जरूर करावे. सांडग्यांची रस्सा भाजी तर पाहुण्यांनाही वाढता येते.

प्रश्न : आमची सून गोकाककडच्या कन्नड भाषक घरातली आहे. ती गुणी आहे, परंतु रात्रीच्या जेवणात तिला माहेरचे काही मिळत नाही आणि तिने केलेले आमच्या घरातल्यांना नवखे वाटेल, अशी तिला भीती वाटते. दोन्ही घरांना आपले वाटतील असे पदार्थ सुचवावेत. (वडगाव, बेळगाव)

उत्तर : आपल्या पत्राने मला फार समाधान वाटले, कारण सुनेच्या मनातले सासूने लिहून कळवले आहे. तिला निःशंक करावे. गोकाकच्या आणि वडगावच्या रात्रीच्या ताटात फारसे अंतर नाही. तिच्या माहेरची जोळद रोट्टी आपल्या भाकरीसारखीच ज्वारीच्या पिठाची आणि हातावरची असते, त्यांच्याकडे ती थोडी पातळ थापतात, इतकेच. बदनेकाई एण्णेगाई आणि आपली भरली वांगी यांतही दाण्याचे कूट, तीळ, खोबरे आणि लसूण आहेच. त्यांच्या सारणात गुरेळ्ळू म्हणजे कारळे पडतात आणि चिंच-गूळ थोडा सढळ असतो. लहान काटेरी वांगी अर्धा किलो आणावीत, चार चिरा देऊन पाण्यात ठेवावीत, आणि एक दिवस तिच्या सारणाने, एक दिवस आपल्या सारणाने भरावीत.

पुंडी पल्ले करायला तिला आवर्जून सांगावे. अंबाडीची पाने आधी उकडून पाणी काढून टाकतात, मग तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून घोटतात आणि वरून भरपूर लसणाची तेलातली फोडणी देतात. आपल्याकडची अंबाडीची भाजी याहून निराळी कुठे आहे? पहिल्याच घासाला घरातले सगळे ती ओळखतील. सणावारी खपली गव्हाची हुग्गी तिच्याकडून करून घ्यावी. गूळ, खसखस आणि खोबरे घातलेली गव्हाची खीर आपल्याही घरांत होत असते.

माझी एक सूचना आहे. आठवड्यातले दोन दिवस रात्री काय करायचे ते तिने ठरवावे, आणि त्या दिवशी आपण तिच्या हाताखाली मदतीला उभे राहावे. मीठ-तिखटाबद्दल काही सांगायचे असल्यास ते जेवताना सर्वांसमोर न सांगता नंतर दोघीच असताना सांगावे. त्या ताटाला चांगले म्हणण्याची सुरुवात आपल्याकडून झाली, की घरातले इतर आपोआप मागे येतील.

प्रश्न : रात्रीचा उरलेला भात दुसऱ्या दिवशी रात्री वापरला तर चालतो का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : नीट ठेवलेला असेल तर चालतो. भात शिजवल्यावर तासन् तास ओट्यावर झाकून ठेवू नये. शिजण्यातून तगून राहणारे काही जिवाणू उबेत वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. जेवणे आटोपताच भात ताटात पसरून गार करावा, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. वापरताना वाफ येईपर्यंत गरम करावा आणि एकदा गरम केलेला पुन्हा ठेवू नये. दाणे, कढीलिंब आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीचा भात तर सर्वांनाच येतो. त्याऐवजी तो भात हाताने कुस्करून त्यात ज्वारीचे पीठ, कांदा, कोथिंबीर, तीळ आणि तिखट घालून थालीपिठे लावावीत. ती मऊ होतात, आणि जोडीला दही असले की दुसरे काही करावे लागत नाही.