"हे जेवतच नाहीत, मी काय करू?"

तोंडाच्या कर्करोगाच्या पेशंटची बायको समुपदेशनाला आली की पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. पाठोपाठ दुसरं येतं, "माझ्या हातचं सगळं नकोसं झालंय त्यांना." पुढे ज्या जोडप्याबद्दल लिहिलंय ते अशा अनेकांवरून उभं केलेलं आहे, म्हणून नावगाव दिलेलं नाही.

दादा सत्तेचाळीस वर्षांचे, मावा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाण्याची जुनी सवय. गालाचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे ३० शेक, आठवड्याला पाच याप्रमाणे सहा आठवडे, आणि आठवड्यातून एकदा किमो. पहिले दोन आठवडे बरे गेले म्हणून घरात सगळे निर्धास्त झाले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोललं, चव गेली, थुंकी चिकट होऊन तार धरू लागली. ताई मऊ वरणभात घेऊन बसायच्या, "माझ्यासाठी दोन घास" म्हणायच्या. दादांनी एकदा ताट सरकवलं आणि मुलीच्या वहीत लिहिलं, "तू माझ्या तोंडाने खाऊन बघ." त्या रात्री ताईही जेवल्या नाहीत.

ताईंना वाटत होतं, यांनी जगायची आशा सोडली. खरं कारण साधं होतं. शेकाने गाठीच्या पेशींबरोबर तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेलाही इजा होते. ती त्वचा भराभर झिजून नव्याने येणारी असते, म्हणून परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उघडा पडतो. लाळेच्या ग्रंथीही मार खातात. अशा तोंडात वरणातलं मीठसुद्धा झोंबतं. नकार होता तो दुखण्याचा, ताईंच्या हातच्या जेवणाचा नव्हे. हे दोघांना समोरासमोर बसवून सांगावं लागलं, कारण एकट्या ताईंना सांगितलं असतं तर दादांना ते कळलंच नसतं.

मग जेवणातून "माझ्यासाठी" काढून टाकलं आणि तिथे माप आणलं. आहारतज्ज्ञांनी दिवसाला दीड ते दोन लिटर पातळ पण कसदार आहार ठरवून दिला. इथे बहुतेक घरांत एकच चूक होते: पातळ म्हणून डाळीचं पाणी, तांदळाची निवळ, शहाळं. पोट भरतं, वजन मात्र उतरत जातं. त्याऐवजी २०० मिली म्हशीचं दूध, दोन चमचे दूध पावडर, शिजवलेलं नाचणीसत्त्व आणि चमचाभर तूप घातलं तर तीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात. (मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण आधी विचारूनच.) आंबट ताक, लिंबू, मोसंबीचा रस, तिखट हे सगळं बंद. खाणं कोमट किंवा गार. दुखणं कमी करायचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जेवणाआधी, जेवताना दुखायला लागल्यावर नव्हे.

गुळण्यांची जबाबदारी दादांनी स्वतःकडे घेतली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर. बेकिंग पावडर चालत नाही. मिश्रण रोज ताजं करायचं. दुकानातल्या अल्कोहोलवाल्या माउथवॉशने आग वाढते.

तरीही वजन उतरत राहिलं आणि डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली. ताई रडल्या, नळी म्हणजे शेवट, असं गावात पाहिलेलं. प्रत्यक्षात ही नळी तोंडातल्या जखमा भरून येईपर्यंतची सोय असते, आणि ती वेळेत घातली तर शेक मध्येच थांबवायची वेळ टळते. शेकात खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो. नर्सने ताईंना शिकवलं: पेशंट ताठ बसलेला, नळीवरची खूण नाकपुडीशी आहे ना ते पाहायचं, खूण सरकलेली असेल तर काहीही न घालता हॉस्पिटल गाठायचं. आधी पाणी, मग २०० मिली गाळलेला आहार सावकाश, पुन्हा पाणी. नंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. नळी तुंबते ती न गाळलेल्या नाचणीने किंवा नीट न कुटलेल्या गोळ्यांनी. नळी असली तरी झेपेल तसे पाण्याचे दोन-चार घोट तोंडाने गिळत राहायचे, नाहीतर गिळण्याचे स्नायू सवय विसरतात; अर्थात गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

नळी आल्यावर भांडण थांबेल असं वाटत होतं, पण खालचं भांडण वर आलं. "सांगत होते ना, मावा सोडा" हे वाक्य दिवसातून दहादा यायचं. ताईंचा राग खोटा नव्हता. त्यांना तो पूर्ण बोलू दिला, दादांसमोरच, एकदाच. दादांनी वहीत लिहिलं, "चूक माझी. आता खात नाही." उपचारात तंबाखू सुरू राहिली तर जखमा भरत नाहीत आणि शेकाचा गुणही कमी येतो, म्हणून हे लिहिणं महत्त्वाचं होतं. घरात ठरलं: मागच्या माव्याची आठवण काढायची नाही, आजची पुडी दिसली तर मात्र बोलायचं.

सासूबाईंनी दादांचं ताट-अंथरूण वेगळं केलं होतं. कर्करोग संसर्गाने पसरत नाही आणि बाहेरून दिलेला शेक अंगात उरत नाही. मुलीला जवळ घेतलं तरी काही होत नाही. हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं, सुनेच्या नव्हे.

शेवटचा शेक झाला की त्रास संपतो ही आणखी एक ठरलेली निराशा. पुढचे एक-दोन आठवडे तो वाढूही शकतो. तोंडातल्या जखमा भरायला चार-सहा आठवडे लागतात, चव महिन्यांनी परतते, कोरडेपणा बऱ्याच जणांचा राहतो. दादांचा जबडाही आखडत होता. फिजिओथेरपिस्टने लाकडी आइस्क्रीम काड्यांची चळत दातांमध्ये धरून, दिवसातून तीनदा, हळूहळू एकेक काडी वाढवायला सांगितलं. काड्या मोजायचं काम मुलीकडे आहे. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, पाणीही उतरेना किंवा तोंडातून रक्त आलं, तर सकाळची वाट न पाहता निघायचं, हे हॉस्पिटलच्या नंबरासकट फ्रिजवर चिकटवलेलं आहे.