बगदादचे पाद्री आणि आपली शांतता समिती

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षिका असून आमच्या गावच्या शांतता समितीची चार वर्षांपासून सदस्य आहे. गेल्या वर्षी मिरवणुकीत क्षुल्लक कारणावरून दगडफेक झाली, आणि तेव्हापासून या बैठकांना जाण्यात काही अर्थ आहे का, असे मनात येते. नाताळच्या कार्यक्रमात येथील चर्चच्या पाळकांनी बगदादमध्ये राहून सर्व धर्मीयांत समेटासाठी झटणाऱ्या एका अँग्लिकन पाद्रींविषयी सांगितले. ते कोण? आणि इतके करूनही इराकमधला रक्तपात थांबला नसेल, तर त्यांच्या कामाचे मोल कसे करावे? — एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : बाई, पाळकांनी सांगितले ते बहुधा कॅनन (ही पाद्रींची एक पदवी) अँड्र्यू व्हाइट यांच्याविषयी असावे. १९६४ साली लंडनमध्ये जन्मलेले व्हाइट पाद्री होण्यापूर्वी तेथील सेंट थॉमस रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात भूल देणाऱ्या डॉक्टरांचे साहाय्यक म्हणून काम करत असत. १९९८ मध्ये ते इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराच्या कॅथीड्रलमधील, म्हणजे तेथील मुख्य चर्चमधील, समेट केंद्राचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान झाले. बोलणे जड होत जाणारा आणि काठीच्या आधाराने चालणारा हा माणूस पुढची सोळा-सतरा वर्षे सतत युद्धभूमीवर ये-जा करत राहिला.

कॉव्हेंट्रीविषयी थोडे सांगायला हवे, कारण या कामाचे मूळ तेथे आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी ते शहर जाळले आणि मध्ययुगीन कॅथीड्रलचे छप्पर कोसळले. राखेत त्या छपराच्या तुळयांचे हाताने घडवलेले लांब लोखंडी खिळे सापडले. त्यांतले तीन खिळे एकत्र बांधून एक क्रूस करण्यात आला, आणि युद्धानंतर तसेच क्रूस, ज्यांच्या विमानांनी शहर जाळले त्या जर्मनांच्या कील, ड्रेस्डेन आणि बर्लिन या शहरांना भेट म्हणून गेले. सूडाची मागणी सगळीकडे होत असताना पडक्या भिंतीवर ‘पित्या, क्षमा कर’ एवढेच कोरले गेले. कोणाला क्षमा कर, ते मुद्दाम लिहिले नाही. माझ्या मते त्या न लिहिलेल्या शब्दातच सगळे आले.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने व्हाइट यांच्या कामाचा सर्वांत उपयोगी भाग पॅलेस्टाइनमधला आहे. दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायलविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव, पेटलेला असताना, जानेवारी २००२ मध्ये, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे ज्यू, मुस्लिम आणि ख्रिस्ती धर्मनेते एकत्र बसले. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू असलेले कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज केरी आणि कैरोतील अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे शेख तंतावी यांनी ही बैठक बोलावली होती आणि पडद्यामागची धावपळ व्हाइट यांची होती. सह्या करणाऱ्यांत इस्रायलचे तेव्हाचे उपपरराष्ट्रमंत्री रब्बी मायकेल मेल्किऑर होते, तसेच एके काळी हमासमध्ये असलेले शेख तलाल सिदर हेही होते. ईश्वराच्या नावाने निरपराधांना मारणे हा ईश्वराच्याच नावाचा अवमान आहे, असे त्या जाहीरनाम्यात म्हटले होते. त्याने हिंसा थांबली का? नाही. मात्र तीन महिन्यांच्या आतच, २ एप्रिलला, बेथलेहेमच्या जन्मस्थान चर्चमध्ये सशस्त्र पॅलेस्टिनी शिरले आणि बाहेर इस्रायली सैन्याचा वेढा पडला. १० मे रोजी संपलेल्या त्या वेढ्यातील वाटाघाटींत व्हाइट होते, कारण दोन्हीकडच्या माणसांना ओळखणारा आणि दोघांनाही थेट फोन लावू शकणारा मध्यस्थ तोवर तयार झालेला होता. जाहीरनाम्याच्या भाषेपेक्षा ही ओळख मला मोलाची वाटते.

बगदादमध्ये त्यांच्याकडे सेंट जॉर्ज चर्च होते. २००३ च्या युद्धानंतर त्यांनी ते पुन्हा सुरू केले. तेथे उपासनेसोबत धान्यवाटप होत असे आणि आवारातच मोफत दवाखाना होता. औषधासाठी येणाऱ्याला धर्म विचारला जात नसे आणि तेथे येणारे बहुसंख्य मुसलमानच असत. शिया आणि सुन्नी धर्मगुरूंना एकत्र आणण्याचे प्रयत्नही चालूच होते. त्याची किंमत मोठी होती. २००५ मध्ये जॉर्डनहून परतणारे त्या चर्चचे प्रमुख कार्यकर्ते वाटेतच बेपत्ता झाले, ते परत आलेच नाहीत. ऑक्टोबर २००९ च्या स्फोटांत चर्चच्या इमारतीचेही मोठे नुकसान झाले. २०१४ मध्ये मोसुल इसिसच्या हाती गेल्यानंतर, वर्षाच्या अखेरीस, कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांच्या सांगण्यावरून व्हाइट यांनी बगदाद सोडले. त्यांना डोक्यावर घेण्याचे मात्र कारण नाही. २०१६ मध्ये, दहशतवाद्यांना पैसे दिले गेले असा समज होऊ शकेल अशा त्यांच्या विधानांवरून, त्यांनीच उभारलेल्या संस्थेने त्यांना निलंबित केले होते. हिंसा करणाऱ्यांशीही बोललेच पाहिजे, असे मानणाऱ्या माणसाच्या वाटेत असे वळण येतेच, आणि ते लपवून त्यांचा मोठेपणा सांगणे मला पटत नाही.

आता तुमची समिती. मी स्वतः अशा पुष्कळ बैठका पाहिल्या आहेत : पोलीस ठाण्याच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या, सणाच्या आठ दिवस आधीची वेळ, त्याच त्या दहा-बारा जणांची तीच ती भाषणे, ‘आपला गाव शांतताप्रिय आहे’ हे वाक्य किमान चार वेळा, आणि मग कागदी कपातला चहा. ज्यांच्या हातून दगड सुटतो ती पोरे तेथे नसतात आणि त्यांना ओळखणारेही नसतात. बैठकीतले खरे काम चहाच्या वेळी होते, जेव्हा मशिदीचे सदर आणि गणेश मंडळाचे अध्यक्ष तुरीच्या भावावर बोलत उभे असतात. तुम्हाला काही करायचे असेल तर हे चहापाणी सण नसलेल्या महिन्यांत करा, आणि मंडळातल्या पोरांपैकी दोघा-तिघांना त्यात ओढा; त्यांतली काही तुमच्या हाताखालून गेलेली असतील, ती बाईंचा शब्द सहसा मोडणार नाहीत. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपली मिरवणूक आपणहून पुढे ढकलली आणि शासनाने ईदची सुट्टी २९ तारखेला दिली. असा निर्णय ऐन वेळच्या बैठकीत होत नसतो.

आणि हे आपल्याला परके नाही. पैठणच्या नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला, त्यात दोघे एकमेकांच्या धर्मातली उणीदुणी काढून यथेच्छ भांडतात आणि मग गळाभेट घेतात. नाथांनी भांडण गाळले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. व्हाइट यांनीही सर्व धर्म एकच आहेत असे सांगितले नाही. ते उघडपणे ख्रिस्ती पाद्रीच राहिले, आणि बहुधा म्हणूनच शेख आणि रब्बी त्यांच्याशी बोलत.

प्रश्न : अँग्लिकन म्हणजे कॅथॉलिकच का? आपल्याकडे ते आहेत का? — एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले. ते पोपची सत्ता मानत नाहीत आणि त्यांच्या पाद्रींना लग्न करता येते. व्हाइट यांनीही लग्न केले. उत्तर भारतातील अँग्लिकन चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात इतर प्रोटेस्टंट चर्चांसह ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये विलीन झाले, त्यामुळे आपल्या भागात ‘सीएनआय’ अशी पाटी दिसली तर त्यात ती परंपराही मिसळलेली आहे असे समजावे. जाता जाता : बगदादचे सेंट जॉर्ज चर्च पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले आहे, आणि एप्रिल १९१६ मध्ये तेथील कूत या गावी उपासमारीने तुर्कांना शरण जावे लागलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचे नाव ‘सहावी पुणे डिव्हिजन’ होते. तिच्यात मराठा पलटणीही होत्या.